डब्यांतली घरघर

आमच्या घरांतील वडील माणसें यंत्राचा आवाज ऐकून त्याची प्रकृति सांगत. पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला आहे, विहिरीवरच्या इंजिनांत तेल कमी पडलें आहे, हें त्यांस अंगणांत बसून कळे. आमच्या पिढीस ही विद्या आली नाहीं. आमचीं यंत्रें बहुधा मुकीं असतात, आणि जीं बोलतात त्यांनीं आम्हीं भरून ठेविलें तेवढेंच बोलावें अशी आमची अपेक्षा असते. स्वतःच्या मनचें एक अक्षर त्यांनीं उच्चारलें कीं आमचा तोल जातो. गेल्या वर्षीं वैशाखांत, नरसी नामदेव येथें आमच्या काकूंच्या घरीं, चहाच्या एका रिकाम्या डब्यानें आम्हांस नऊ दिवस असें तोल सुटलेल्या अवस्थेंत ठेविलें. त्या नऊ दिवसांची ही हकीकत आहे. तींत विजेचा थोडा संबंध येतो, तो वाचकांनीं सोसून घ्यावा.

नरसी हें हिंगोली जिल्ह्यांतील कयाधूकांठचें गांव. संत नामदेवांचा जन्म १२७० सालीं येथें झाला असें परंपरा सांगते, आणि म्हणूनच गांवाच्या नांवाला त्यांचें नांव कायमचें जडलेलें आहे. आषाढी एकादशीस पंढरपुरास गेलेले वारकरी परतल्यावर आषाढ वद्य एकादशीस येथें दर्शनास येतात. या मेळ्यास इकडे परतवारी म्हणतात. १९८८ सालच्या परतवारीस आमचे काका मंडपांत रात्रीं उशिरापर्यंत गायिले. ते कांहीं नामांकित गवई नव्हते. शेती करीत, भजनी मंडळांत पेटी वाजवीत आणि पेटी वाजवितां वाजवितांच गात. त्या रात्रीं मंडळापैकीं कोणीं तरी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर पुढें ठेविला आणि कॅसेटची एक बाजू भरून घेतली. पुढें तीन वर्षांनीं काका वारले. अर्ध्या तासाची ती एक बाजू, एवढाच त्यांचा आवाज जगांत उरला आहे.

काकू आतां ऐशीच्या पुढें गेल्या आहेत. दृष्टि जवळ जवळ गेली आहे. कान मात्र शाबूत, किंबहुना पूर्वीपेक्षां तिखट. घरांतला कॅसेट वाजविणारा यंत्रसाज केव्हांच मोडून भंगारांत गेला. तेव्हां आम्हीं असा बेत केला कीं, कॅसेट संगणकावर उतरवून घ्यावी, तो आवाज नखाएवढ्या मेमरी कार्डावर ठेवावा, आणि एक बटन दाबतांच तो वाजूं लागेल असा डबा काकूंस करून द्यावा. असा डबा करणें आज अवघड नाहीं. दोन बोटें रुंदीचा एक मायक्रोकंट्रोलर कार्डावरचे आंकडे वाचतो. त्याच्या शेजारचा दुसरा तुकडा त्या आंकड्यांची विजेची लहर करतो. तिसरा तुकडा, म्हणजे ॲम्प्लिफायर, ती लहर स्पीकर हलविण्याइतकी मोठी करतो. हें सारें आम्हीं काकूंच्याच एका पत्र्याच्या चहाच्या डब्यांत बसविलें, झांकणास भोंकें पाडून खालीं स्पीकर लाविला, आणि मोबाइलच्या चार्जरवर तें चालेल अशी सोय केली. सायंकाळीं शेजारच्या बायका ऐकावयास येतील म्हणून डब्यांतून एक तार काढून ती ओसरीवरच्या काकांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडली. आमच्या घरीं, मेजावर, एकट्या डब्याची परीक्षा झाली होती व ती उत्तम उतरली होती.

नरसीस पोहोंचल्यावर काकूंचें बोट धरून बटनावर ठेविलें. काका गाऊं लागले. परंतु त्यांच्या आधीं डबाच गाऊं लागला. खालीं एक जाड अखंड घरघर, वर एक बारीक शिट्टी, आणि मध्यें कोणी तरी नखानें पत्रा टोकरीत असावें तशी टिक्‌टिक्. आम्ही ओशाळलों आणि म्हणालों, "थोडी घरघर येते आहे, काकू. काढून टाकतों."

काकू म्हणाल्या, "घरघर म्हणूं नको बापू. घरघर माणसाला लागते. ते गेले तेव्हां ऐकली आहे मी."

तेव्हांपासून त्या घरांत आम्हीं तो शब्द उच्चारला नाहीं. त्यास आम्ही 'घूं' म्हणूं लागलों. येथें लेखाच्या मथळ्यास मात्र तोच शब्द ठेविला आहे, तो काकूंस कोणी वाचून दाखविणार नाहीं या भरंवशावर.

पहिला दिवस आम्हीं निव्वळ मूर्खपणांत घालविला. दोष कोठें आहे हें न पाहतां हिंगोलीस जाऊन अधिक महाग चार्जर, अधिक जाड तार आणि तारेवर चढवावयाचीं लोहचुंबकी कडीं असा बाजार करून आणला. रोग न ओळखतां औषधांचें दुकान घरीं आणण्याचाच हा प्रकार. घूं जेथल्या तेथें राहिली. दुसऱ्या दिवशीं जरा शुद्धीवर येऊन आम्हीं एकच गोष्ट केली: चार्जर काढून डबा पॉवर बँकेवर चालविला. घूं एकदम गेली. शिट्टी व टिक्‌टिक् राहिली. या एका कृतीनें जो निकाल मिळाला तो आदल्या दिवशींच्या हजार रुपयांनीं मिळाला नव्हता. घूं ही बाहेरून, भिंतींतल्या विजेंतून येत होती, आणि बाकीचे दोन आवाज डब्याच्या पोटांतले होते.

आपल्या देशांत घरोघर येणारी वीज सेकंदास ५० हेलकावे खाते. ५० चें कंपन आमच्या तळहाताएवढ्या स्पीकरला पेलत नाहीं. पण त्याच्या दुपटी तिपटी, म्हणजे १०० आणि १५०, चांगल्या ऐकूं येतात. काकांची पेटी खोळ घालून कोनाड्यांत ठेविलेली होती. चार्जर पुनः जोडून आम्हीं खर्जाच्या सप्तकांतली पांढरी पांच दाबून धरली. तो स्वर सुमारें ९८ चा. पेटी आणि डबा एकमेकांशीं जवळ जवळ जुळले, पण पुरते जुळले नाहींत. दोहोंच्या भांडणांतून सेकंदास दोन असे संथ हेलकावे ऐकूं येऊं लागले. १०० आणि ९८ यांमधील अंतर तें हें. मापनयंत्र म्हणून पेटीचा हा पहिला उपयोग. दुसऱ्या उपयोगाची आम्हांस त्या वेळीं कल्पना नव्हती.

वीज डब्यांत शिरत होती हें कळलें. कोणत्या वाटेनें, हें कळावयास आणखी एक दिवस गेला. ओसरीवरच्या ॲम्प्लिफायरची तार काढली कीं घूं निम्म्याहून कमी होई, जोडली कीं पूर्ववत् माजे. मोबाइलच्या चार्जरला दोनच पिना असतात. त्याच्या पोटांतून विजेची अगदीं थोडी गळती बाहेरच्या तारेवर येतच असते. ती धोक्याची नसते, पण असते. जुन्या ॲम्प्लिफायरचीही अशीच गळती असते, व तिला जमिनींत वाट मिळावी म्हणून त्याला तिसरी पिन दिलेली असते. आमच्या येथें या दोन गळत्यांस जमिनीची वाट सांपडत नव्हती. म्हणून त्या दोन यंत्रांना जोडणाऱ्या आमच्या आवाजाच्या तारेवरूनच त्या ये-जा करीत होत्या. ज्या तारेवरून काकांचा आवाज जावयाचा, तीच त्यांची पायवाट झाली होती.

भजनी मंडळांतील मुलांस या दुखण्यावरचा एक गांवठी उपाय ठाऊक आहे. ॲम्प्लिफायर घूं करूं लागला कीं ते त्याच्या प्लगची तिसरी, जाड पिन मोडून टाकतात. पुष्कळदां आवाज थांबतो. शेजारचा एक मुलगा पक्कड घेऊन आलाही होता. आम्हीं खोटें कां बोलावें, क्षणभर आम्हीं त्यास नको म्हटलें नाहीं. इतक्यांत काकू आंतून म्हणाल्या, "त्या डब्याला हात लावला कीं मुंग्या येतात रे. कूलरलाही येतात. सवय झाली आहे."

पक्कड आम्हीं त्याच्या हातांतून काढून घेतली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पत्र्याच्या कूलरला, ओल्या फरशीवर उभें राहून, ओल्या हातानें शिवणारें माणूस काय धोका पत्करतें हें ज्यांनीं त्या प्रांतांत उन्हाळे काढले आहेत त्यांस सांगावें लागत नाहीं. डब्याच्या मुंग्या निरुपद्रवी असतील; कूलरच्या तशाच आहेत हें कोणीं ठरविलें? मेन स्विच बंद करून आम्हीं भिंतीवरचा बोर्ड उघडला. तिसऱ्या भोंकापासून निघालेली हिरवी तार वीतभर भिंतींत जाऊन संपली होती. पुढें कांहींच नाहीं. घर बांधतांना कोणी तरी भोंक दिसावें म्हणून भोंक ठेविलें होतें, आणि त्या भोंकावर विश्वास ठेवून या घरानें तीसपस्तीस वर्षें काढलीं होतीं.

वायरमनला बोलाविलें. अंगणाच्या कडेला पुरुषभर खोल खड्डा खणून त्यांत जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा केला, भोंवतीं कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, आणि तेथून तार आणून बोर्डास व कूलरच्या पत्र्यास जोडली. वायरमन वयस्कर व अनुभवी होता. त्यानें सांगितलें कीं, इकडची काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळून पाइपापासून सुटते. म्हणून वैशाखांत आठवड्यास एक बादली पाणी खड्ड्यांत पडलेंच पाहिजे, नाहीं तर ही अर्थिंग असून नसल्यासारखी. काम होतांच काकूंनीं कूलरच्या पत्र्यावर हात ठेविला, थोडा वेळ तसाच ठेवून पाहिला आणि "गेल्या मुंग्या," एवढेंच म्हणाल्या. डबा आणि ॲम्प्लिफायर हीं दोन्हीं एकाच बोर्डावर आणून लाविलीं. घूं इतकी उतरली कीं ती ऐकण्यासाठीं स्पीकरला कान लावावा लागे. खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं आम्हांस आवाजाचें कांहींच वाटत नव्हतें. काकूंचा हात कूलरवर किती उन्हाळे पडला असेल याचाच हिशेब मनांत चालला होता.

पोटांतल्या आवाजांची कथा इतकी गंभीर नाहीं. मायक्रोकंट्रोलर कार्डावरून मजकूर वाचतो तो ओंजळीओंजळीनें वाचतो, आणि दर ओंजळीस विजेचा एक हिसका घेतो. आम्हीं कामाच्या आळसानें सर्व तुकड्यांची परतीची तार एकच ठेविली होती, तीही केसासारखी बारीक. अशा तारेचा रोध ०.१ ओहम धरला आणि हिसका अर्ध्या अँपिअरचा धरला, तर तारेच्या दोन टोकांत ५० मिलिव्होल्टांचा फरक पडतो; काकांच्या आवाजाची मूळ लहर तरी त्याहून फार मोठी कोठें होती? ॲम्प्लिफायर बिचारा दोहोंस सारखेंच मोठें करी. सारें उकलून प्रत्येक तुकड्याची परतीची तार स्वतंत्र, जाड अशी आणून एकाच बिंदूपाशीं डाखली, ॲम्प्लिफायरजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविला म्हणजे हिसक्याच्या वेळीं त्याची तहान तेथेंच भागावी, आणि त्या तुकड्यांतला वायफायचा रेडिओ, ज्याचें या डब्यांत कांहींएक काम नव्हतें, तो बंद केला. शिट्टी गेली. टिक्‌टिक् ही गेली. म्हणजे गेली असें आम्हीं जाहीर केलें आणि पुढच्याच घटकेस ती परत आली, पूर्वींपेक्षां मोठ्यानें, एखाद्या तडतड्या ताशासारखी. आम्हीं चार वेळां डाख तपासला. शेवटीं काकूच हंसून म्हणाल्या, "फोन येतोय बघ." आणि दोन क्षणांनीं डब्याशेजारीं ठेविलेला त्यांचा बटनांचा साधा फोन खणाणला. जुन्या पद्धतीचा मोबाइल मनोऱ्याशीं बोलतो तेव्हां सेकंदास सुमारें २१७ वेळां झटके देतो, व ते झटके जवळच्या कोणत्याही तारेंत शिरतात. काकूंनीं तीन दिवसांत ही गोष्ट शास्त्र न शिकतां हेरली होती, आणि फोन कोणाचा असेल याची चिंता करावयास त्यांस दोन क्षण अगोदर मिळत होते. तो फोन दुसऱ्या फळीवर ठेवूं दिला पाहिजे हें त्यांस पटवितांना आम्हांस बरेच कष्ट पडले.

सायंकाळीं ओसरीवर बसलों असतां मनांत येई कीं, आम्ही येथें चहाच्या डब्याशीं जें करीत आहों तेंच याच जिल्ह्यांत केवढ्या प्रमाणावर व्हावयाचें आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभारण्यास २०२३ सालीं केंद्र सरकारनें सुमारें २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनांत पसरलेल्या दोन नळ्या, आणि त्यांच्या लांबींत अणुगर्भाहूनही कितीतरी पटींनीं सूक्ष्म असा जो फरक पडेल तो मोजावयाचा. जमिनीची थरथर येथें कमी, हें ही जागा पसंत पडण्याचें एक मोठें कारण. अमेरिकेंतील अशाच वेधशाळांनीं २०१५ सालीं पहिली लहर टिपली. पण त्यांच्या नोंदींतही तिकडच्या विजेची ६० कंपनांची रेघ ठळक उमटते. तेथें हॅनफर्ड येथें २०१७ च्या उन्हाळ्यांत एक ओळख न पटणारा आवाज येऊं लागला, आणि शोध करतां करतां तो थंड नळीवर सांचलेलें बर्फ टोंचणाऱ्या तहानलेल्या डोमकावळ्यांचा निघाला! कृष्णविवरांची टक्कर ऐकावयास बसलेल्या विद्वानांस कावळ्याच्या चोंची मोजाव्या लागल्या हें वाचून आम्हांस आमच्या डब्याची लाज वाटेनाशी झाली.

सातव्या दिवशीं सर्व तऱ्हेनें स्वच्छ झालेला डबा आम्हीं निवांत वेळीं वाजविला. बटन दाबण्यापूर्वीं पूर्ण शांतता. आणि बटन दाबतांच, काकांच्या आवाजाखालीं, पुनः घूं. पॉवर बँकेवर वाजविला, तरी घूं. आम्ही डोकें धरून बसलों. मग ध्यानांत आलें कीं, ही घूं डब्याची नव्हेच. ती कॅसेटवरचीच होती. मंडपांतल्या कर्ण्याची, त्या रात्रींची. आजवर डब्याच्या गोंगाटाखालीं ती झांकली गेली होती.

तींत आम्हांस अडचण वाटली नाहीं. १००, १५० आणि २०० या कंपनांपुरता आवाज गाळून टाकणारी चाळणी संगणकांत तयार असते. ती आम्हीं सढळ हातानें लाविली. परिणाम विलक्षण झाला. घूं जशीच्या तशी राहिली आणि काकांचा पंचम मात्र पोकळ झाला. ते पांढरी एक धरून गात. म्हणजे त्यांचा मधला पंचम सुमारें १९६ वर येतो, आमच्या २०० च्या चाळणीच्या अगदीं दारांत. चोर सुटला आणि घरधनी पकडला गेला. पण चोर सुटला कसा? १०० वरची घूं १०० च्या चाळणींतून जाते म्हणजे काय? चाळणी काढून टाकली आणि काकूंस विचारलें, आतां कसें वाटतें? त्यांनीं पुष्कळ वेळ ऐकलें. मग म्हणाल्या, "आवाज त्यांचाच आहे. पण हे एवढ्या घाईनं कुठं निघालेत? असे कधीं गात नव्हते. आणि पुढं पुढं तर पोरासारखा आवाज होतोय."

आम्हांस वाटलें, पस्तीसांहून अधिक वर्षें झालीं. आठवणींतला आवाज दाट झाला असेल, त्यापुढें खरा आवाज पातळ वाटत असेल. असें आम्हीं बोलूनही दाखविलें. काकू कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं डबा बंद केला. आठव्या दिवशीं त्यांनीं बटन दाबलें नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं त्या बाजूचा नकाशा काढला. संगणकावर आवाजाचा असा नकाशा काढतां येतो. आडवा काळ, उभी कंपनसंख्या, जेथें आवाज अधिक तेथें उजेड अधिक. काकांचा आवाज वेलबुट्टीसारखा वर खालीं जात होता, आणि खालीं, तळाशीं, घूंची एक बारीक अखंड रेघ. ती आडवी असावयास पाहिजे होती. ती तिरपी होती. बाजूच्या प्रारंभीं १०२ वर, आणि चढत चढत शेवटीं १०७ वर. विजेचें कंपन अर्ध्या तासांत असें एका दिशेनें चढत नाहीं. मग चढलें काय? टेपरेकॉर्डर सेलवर चालत होता. रात्र चढत गेली तसे सेल उतरत गेले, मोटार मंदावली, फीत हळू सरकूं लागली. आणि हळू भरलेली फीत नेहमींच्या वेगानें वाजविली म्हणजे आंतला माणूस घाईनें गातो, बारीक आवाजांत गातो, आणि सेल जितके अधिक उतरलेले तितका अधिक तरुण होत जातो. काकूंचा कान बरोबर होता. अर्ध्या तासांत काका जवळ जवळ एक स्वरपट्टी चढले होते आणि आम्ही त्यांच्या विधवेस आठवणीचें मानसशास्त्र समजावीत बसलों होतों.

जी घूं काढून टाकण्यासाठीं आम्हीं इतका खटाटोप केला, तीच आतां आमची मोजपट्टी झाली. तिरपी रेघ आडवी होईपर्यंत फितीचा वेग क्षणोक्षणीं कमी करीत जावयाचें, इतकेंच काम. पण आडवी कोठें करावयाची? १०० वर, हें उत्तर तोंडावर येतें. परंतु १९८० नंतरच्या त्या दशकांत आपल्याकडे विजेची ओढाताण फार असे, व विजेचें कंपन ५० च्या खालीं उतरणें ही नित्याची गोष्ट होती. तेव्हां कोनाड्यांतली पेटी पुनः खालीं उतरविली. नकाशाच्या प्रारंभीं, मध्यें आणि शेवटीं, जेथें जेथें काकांनीं गाण्याआधीं नुसता षड्ज धरला होता, तेथें तेथें तोच स्वर त्याच पेटीवर धरून पाहिला. तिन्ही ठिकाणीं हिशेब एकच आला: रेघ १०० वर नव्हे, ९९ वर बसली पाहिजे. म्हणजे त्या रात्रीं नरसींत वीज सेकंदास साडेएकूणपन्नास हेलकावे खात होती. ही गोष्ट कोणत्याही दप्तरांत नसेल; ती काकांच्या गाण्याखालीं लिहिलेली सांपडली.

वेग दुरुस्त केल्यावर अर्ध्या तासाची बाजू साडेएकतीस मिनिटांची झाली. दीड मिनिट काका अधिक मिळाले.

नवव्या दिवशीं सकाळीं काकूंस न सांगतां कार्ड बदललें आणि बटन आम्हींच दाबलें. काकू वाती वळीत होत्या. पहिल्या आलापास त्यांचा हात थांबला. संपूर्ण बाजू होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, आणि शेवटीं म्हणाल्या, "आतां बसले." गळा बसला, स्वर बसला, कीं माणूस बसलें, यांतलें त्यांस काय म्हणावयाचें होतें तें आम्हीं विचारलें नाहीं.

दुसरी एक गोष्ट मात्र विचारली. रेघ आतां सरळ झालेली होती. केसाएवढी बारीक चाळणी ९९ वर ठेविली कीं घूं साफ गेली असती आणि पंचमास धक्काही लागला नसता. काढूं का, असें विचारलें.

"कशाला?" काकू म्हणाल्या. "तो कर्णा आहे. मंडपाच्या उजव्या खांबाला बांधला होता. मी त्याच्याच खालीं बसले होते. यांच्या बाजूचा तो खांब, म्हणून बायकांत जागा धरून ठेवली होती मी."

घूं राहिली. डबा अजून रोज सायंकाळीं चालतो. गेल्या महिन्यांत काकूंचा फोन आला कीं डबा पुनः बोलूं लागला आहे. कर्ण्याचा नव्हे, दुसराच आवाज, पहिल्या दिवसासारखा. आम्हीं विचारलें, खड्ड्यांत बादलीभर पाणी पडतें ना? कूलरला हात लावूं नका, आधीं पाणी ओता.

काकू म्हणाल्या, "ओतलं असतं रे. आठ दिवस झाले, नळालाच पाणी नाहीं."